मोना, ठमी आणि चपलांचं कपाट

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मोठं आहे, आवरून सांगतो. दोन बेडरूमचा फ्लॅट, चौथा मजला. नवरा-बायको, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. दोन कुत्र्या. मोना ही लॅब्रॅडॉर, सात वर्षांची, वजन ३८ किलो, नसबंदी झालेली. ठमी देशी, रस्त्यावरून उचलून आणलेली, दोन वर्षांची, १७ किलो, नसबंदी व्हायची आहे. दीड वर्ष दोघी एका गादीवर झोपल्या. गेल्या चार महिन्यांत चार भांडणं. पहिलं ऑगस्टमध्ये, ओट्याखाली पडलेल्या पोळीच्या तुकड्यावरून. दुसरं मिस्टर ऑफिसातून आले तेव्हा दारात. तिसरं दिवाळीत, सोफ्यावर. चौथं मागच्या आठवड्यात पॅसेजमध्ये, ‘काहीही कारण नसताना’. त्यात मोनाचा कान फाटून तीन टाके पडले आणि सोडवायला गेलेल्या मिस्टरांच्या हाताला दात लागले. कुणीतरी व्हिडिओत सांगितलं म्हणून ठमीला उताणं पाडून दाबून धरलं, वर्तमानपत्राच्या गुंडाळीनं मारलं, प्रेम वाढावं म्हणून दोघींना एका ताटलीत जेवायला घातलं. सासूबाई म्हणतात, ठमीला साताऱ्याच्या शेतावर सोडून या. मिस्टर म्हणतात, नसबंदी केली की मिटेल. ताई विचारतात, दोघींची पुन्हा मैत्री होईल का, आणि घरात मोठी कोण हे आपण ठरवून द्यायचं का?

ताई, आधी मिस्टरांचा हात. चावा घरच्या, लस टोचलेल्या कुत्रीचा असला तरी तो डॉक्टरांना दाखवायचाच. अजून दाखवला नसेल तर आठवडा झाला म्हणून आता काय, असं म्हणू नका, आज जा. दोघींच्या रेबीजच्या लसीकरणाची कार्डं बरोबर न्या. यापुढे कुणालाही दात लागले तर पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुणं. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. तुम्ही पत्रात हाताबद्दल अर्धं वाक्य लिहिलंय आणि मोनाच्या कानाबद्दल दीड पान. कुत्री पाळणारी माणसं अशीच असतात, मीही तसाच आहे.

आता मूळ विषय. कल्याण-ठाणे पट्ट्यात बावीस वर्षं पशुवैद्य म्हणून काम करतोय आणि गेली दहा-बारा वर्षं जास्त करून अशीच भांडणं बघतोय. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य भांडणाबद्दलचं नाहीच. तिसऱ्या पानावर, ठमी किती द्वाड आहे हे सांगता सांगता तुम्ही लिहून गेला आहात, ‘मोना बिचारी आता शांत झालीय, जिना नको म्हणते, लिफ्टपाशीच जाऊन बसते.’ मी तिथे पेन्सिलीनं रेघ मारली. सात वर्षांची, ३८ किलोची लॅब जिना टाळते तेव्हा ती शांत झालेली नसते. तिचं काहीतरी दुखत असतं. खुब्याचे सांधे, गुडघे, कोपर, कंबर, यातलं एक किंवा जास्त. या जातीच्या मादीचं वजन साधारण २५ ते ३२ किलो असावं. मोना कमीत कमी सहा किलो जादा ओझं घेऊन चालतेय.

दुखणाऱ्या कुत्र्याचं मन कसं चालतं ते बघा. ठमी दोन वर्षांची आहे. ती पळत येते, अंगावर उडी मारते, गादीवर अंग टाकताना मोनाच्या कमरेवर पडते. दीड वर्षापूर्वी मोनाला याचं काही वाटत नव्हतं, आता त्या जागी कळ येते. मोनाच्या लेखी कळ आणि ठमी या दोन गोष्टी जोडल्या जातात. मग ठमी नुसती जवळ आली तरी मोना ताठरते, ओठ किंचित वर उचलते, नजर रोखते. आपल्याला यातलं काही दिसत नाही, कारण आपण मोबाइल बघत असतो. ठमीला मात्र सगळं दिसतं. तिच्या भाषेत ती धमकीच आहे. मोना दुखतंय म्हणून गुरगुरते आणि ठमी अंगावर येतेय म्हणून लढते. भांडण सुरू कोणी केलं असं विचारलं तर घरातले सगळे ठमीकडे बोट दाखवतात, कारण पहिली झडप तिची असते. त्याआधीचे चार सेकंद कुणी पाहिलेले नसतात.

म्हणून या आठवड्यात मोनाला घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘कानाचे टाके बघा’ एवढंच म्हणू नका. खुबे आणि कंबर यांचा एक्स-रे, दात, दोन्ही कान आतून, रक्ताची तपासणी, त्यात थायरॉइड आणि गोचिडतापाची तपासणी, एवढं मागा. आपल्या हवेत गोचिडताप चोरपावलानं येतो, आणि अंग कसकसणारी कुत्री चिडकी होते. कान फाटलाय तिथे ओल राहून कानात संसर्ग झाला तर तेही दुखणं भांडणात उतरतं. एक्स-रेमध्ये फार काही दिसलं नाही तरी वेदनाशामकाची दोन-तीन आठवड्यांची चाचणी घ्यायला हरकत नसते, ते डॉक्टर ठरवतील. घरातली आपली गोळी मात्र देऊ नका. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. अशी केस वर्षाला एखादी तरी माझ्याकडे येतेच, आणि देणाऱ्यानं ती नेहमी मायेपोटीच दिलेली असते.

दुसरी रेघ मी मारली ती ठमीच्या तारखेखाली. ती जूनमध्ये माजावर आली होती. पहिलं भांडण ऑगस्टमध्ये. माज उतरल्यावर सहा ते नऊ आठवड्यांनी पुष्कळ माद्यांना खोटी गर्भधारणा होते. नर जवळ आलेला नसला तरी शरीर पिल्लं झाल्यासारखं वागतं. स्तन सुजतात, क्वचित दूध येतं, कोपऱ्यात अंथरूण उकरलं जातं, एखादं खेळणं किंवा पायमोजा पिल्लासारखा सांभाळला जातो आणि जवळ येणाऱ्यावर दात निघतात. ठमी तेव्हा पलंगाखाली काही नेऊन ठेवत होती का, आठवून बघा. पोळीचा तुकडा हे निमित्त झालं असेल.

आता मिस्टरांच्या नसबंदीकडे येऊ. ते बरोबर आहेत, पण अर्धेच. नसबंदी कराच. गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो आणि वर्षातून दोनदा होणारी ही उलथापालथ थांबते. पण दोन माद्यांमध्ये एकदा पडलेलं वैर नसबंदीनं आपोआप जात नाही, कारण ते आता आठवणीत आहे. वेळही पाळावी लागते. खोटी गर्भधारणा चालू असताना शस्त्रक्रिया केली तर ती लक्षणं लांबू शकतात, आणि माजावर असताना रक्तस्राव जास्त होतो. आत्ता डिसेंबर चालू आहे. जूनपासून सहा-सात महिने मोजले तर ठमीचा पुढचा माज तोंडावर आहे. त्यामुळे याच आठवड्यात तिला दाखवा, स्तन दाबून दूध नाही ना ते बघू द्या, आणि डॉक्टर हो म्हणाले तर लगेच उरकून टाका. नाहीतर पुढच्या तीन महिन्यांत हेच नाटक पहिल्यापासून.

मोठी कोण हे ठरवून देण्याबद्दल. हा सल्ला मी स्वतः एके काळी देत असे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. याचं मूळ लांडग्यांत आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकानं प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून एकत्र टाकलेली जनावरं सारखी भांडत होती, त्यातून वरचढ लांडग्याची कल्पना निघाली. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ती घराघरांत नेली. पुढे त्याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर जंगली लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे राजगादीसाठी लढाई नसते. थोडक्यात, कोंडवाड्यातल्या अनोळखी जनावरांवरून काढलेला निष्कर्ष आपण ठमीच्या पाठीवर गुडघा टेकवून वापरतोय. उताणं पाडून धरलेली कुत्री ‘मी धाकटी’ असं शिकत नाही. मोना समोर असताना माणसं माझ्यावर चढतात, एवढंच शिकते. वर्तमानपत्राची गुंडाळीही त्याच पेटीत टाका.

मग क्रम अजिबात नको का? हवा, पण तो मानाचा नको, वेळापत्रकाचा हवा. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०११ मध्ये एकाच घरात भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ७९ टक्के जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, ६८ टक्के जोड्यांत निदान एक मादी होती, सुरुवात करणारं बहुतेक वेळा वयानं लहान आणि घरात नंतर आलेलं होतं. मालकाचं लक्ष, खाणं, उत्साहाचा भर आणि सापडलेली वस्तू ही मुख्य निमित्तं. तुमचा ओटा, दार आणि सोफा त्या यादीतून उचलल्यासारखे आहेत. तिथेही फरक पडला तो साध्या शिस्तीनं. कुठलीही गोष्ट मिळण्याआधी शांत बसायचं, आणि कुणाला आधी, कुणाला नंतर हे रोज तेच. तुमच्याकडे आधी मोना ठेवा. तिचा मान मोठा म्हणून नाही, तिला थांबून उभं राहणं दुखतं म्हणून.

चौथं भांडण ‘काहीही कारण नसताना’ झालं, त्यावर माझा विश्वास नाही. तुम्हीच लिहिलंय की पॅसेज अरुंद आहे आणि एका बाजूला चपलांचं कपाट आहे. म्हणजे चालायला दोन फूट राहत असतील. दोन अनोळखी कुत्री मोकळ्या मैदानात भेटतात तेव्हा सरळ समोरून येत नाहीत, वळसा घेऊन, बाजूनं येतात. समोरासमोर, नजरेला नजर, हे त्यांच्यात उद्धटपणाचं. तुमच्या पॅसेजमध्ये वळसा घ्यायला जागाच नाही. मोना मागे फिरू शकत नाही, कारण तिच्या कमरेला पटकन वळता येत नाही. ती उभी राहिली असणार. ठमीही थांबली असणार. दोघीही एक-दोन सेकंद गोठल्या असणार. मग कान.

हे गोठणं ओळखायला शिका. गुरगुरणं सगळ्यांना ऐकू येतं, गोठणं निसटून जातं. शेपूट हलायची थांबते किंवा वर ताठ उभी राहून बारीक थरथरते, तोंड मिटतं, श्वास अडकल्यासारखा होतो, मान न वळता डोळा फिरतो आणि कडेचा पांढरा भाग दिसतो. त्याच्या आधी बरेचदा जीभ नाकावरून फिरते किंवा भलत्याच वेळी जांभई येते. ठमी गुरगुरली म्हणून तिला ओरडत असाल तर ते आजपासून बंद. गुरगुरणं म्हणजे रेल्वे फाटकाची घंटा. ती काढून टाकली तरी गाडी येतेच.

आता काय करायचं. सगळ्यांना ऐकायचं असतं ते प्रशिक्षण, आणि मी सांगतो ती दारं. निदान तीन आठवडे मोना आणि ठमी एकमेकींना दिसल्या नाही पाहिजेत. मोनाचं औषध लागू पडेपर्यंत आणि ठमीचे टाके निघेपर्यंत तर नक्कीच. लोकांना हे क्रूर वाटतं. पण प्रत्येक नवं भांडण आधीच्यापेक्षा लवकर पेटतं आणि खोल चावतं, आणि प्रत्येकानंतर आपण शून्यावर येतो. फटाके, पाहुणे, लिफ्टमध्ये भेटलेलं दुसऱ्याचं कुत्रं यांचा ताण एकावर एक साचतो आणि उतरायला वेळ घेतो. दिवाळीतलं सोफ्यावरचं भांडण बहुधा अशा साचलेल्या ताणाचं होतं.

दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हे जमतं. एक कुत्री एका बेडरूममध्ये, दुसरी हॉलमध्ये, दर तीन-चार तासांनी अदलाबदल. नियम असा की दोघींच्या मध्ये नेहमी दोन अडथळे. बंद दार हा एक. दुसरा म्हणजे लहान मुलांसाठी मिळतं ते जाळीचं फाटक, किंवा आतल्या कुत्रीला भिंतीतल्या कडीला बांधलेला लांब पट्टा. दोन का, तर एक दार कधी ना कधी कुणीतरी उघडतंच. भांडीवाल्या मावशी उघडतात, मुलगा बॉल आणायला जातो, वारा असतो. दारावर पुठ्ठा लावा. एका बाजूला ‘मोना आत’, दुसऱ्या बाजूला ‘ठमी आत’. हे काम सासूबाईंकडे द्या. माझा अनुभव आहे की घरात ज्यांना कुत्री नकोशी असतात त्यांच्याइतकं काटेकोर पहारा करणारं दुसरं कुणी नाही. मुलाला एकच गोष्ट पाठ करायला लावा: भांडण दिसलं की पलंगावर चढायचं आणि आईला हाक मारायची. मध्ये पडायचं नाही, कितीही रडू आलं तरी.

जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, दार बंद करून, आणि झाल्यावर भांडी लगेच उचलायची. एका ताटलीतलं जेवण ही कल्पना कुठून येते कोण जाणे. दोन जावांना एका ताटात वाढून प्रेम वाढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. स्वयंपाक चालू असताना ओट्यापाशी दोघींपैकी कुणीच नको. हाडं, चघळायच्या काड्या, खेळणी सगळी उचलून ठेवा. सोफा दोघींनाही बंद, कारण उंचीवरून उतरताना मोनाला दुखतं आणि तिथे अडकली की ती आधी दात दाखवते. मिस्टरांनी लिफ्टमध्ये शिरताना मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे दार उघडण्याआधी दोघी आपापल्या जागी असतील. आल्यावर पाच मिनिटं कुणाशीच लाड नकोत. मग एकीकडे जायचं, मग दुसरीकडे.

या तीन आठवड्यांत दोघींना वेगवेगळं तीन गोष्टी शिकवा. एक, आपापल्या चटईवर जाऊन पडणं. दोन, नाव घेतल्यावर समोर काहीही असलं तरी मान वळवून तुमच्याकडे बघणं. याला रोज दोन-दोन मिनिटं पाच वेळा पुरतात, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा दरवेळी. मोनाचं हे खाणं तिच्या जेवणातून वजा करा, तिला सहा किलो उतरवायचे आहेत. तीन, तोंडाची जाळी. मळणीच्या वेळी बैलाला मुसकं बांधतात, त्यासारखीच, पण पिंजऱ्याच्या आकाराची घ्या. तिच्यात तोंड उघडता येतं, धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी पट्टी नको. कुत्र्याचं अंग धापांनीच थंड होतं, आणि तुमच्या दमट हवेत तोंड बांधून फिरवलं तर उष्माघात होऊ शकतो. जाळीच्या आत घट्ट दही लावा, तिनं स्वतः नाक घालावं. पहिले चार दिवस बक्कल लावूच नका. दहा-पंधरा दिवसांत दही दिसलं की ती धावत येईल. घाईनं तोंडावर चढवलेली जाळी ती पंजांनी ओरबाडत राहते आणि त्याचा रागही समोरच्या कुत्रीवर निघतो.

पुन्हा भेट घरात घालायची नाही. सोसायटीच्या आवारातही नाही, कारण ते ठमी स्वतःचं मानते. सकाळी लवकर, भटकी कुत्री कमी असतील अशा रस्त्यावर किंवा मोकळ्या मैदानाच्या कडेनं. दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये पंधरा-वीस मीटर. दोघी एकाच दिशेनं चालतील, समोरासमोर नाही. अंतर बरोबर आहे की नाही हे त्या सांगतात. एकमेकींकडे बघून सहज नजर काढून घेतली, जमीन हुंगली, खाऊ नीट घेतला, तर बरोबर. खाऊ नाकारला किंवा बोटं चावत ओढून घेतला तर लांब जा. दहा मिनिटं आणि परत, दोघी वेगवेगळ्या फेरीनं लिफ्टनं वर. तीन-चार फेऱ्या निवांत गेल्या तरच दोन-तीन मीटर कमी करायचे.

इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात अशाच दोन माद्यांच्या केसमध्ये तिसऱ्या आठवड्यात मला घाई झाली. चालणं छान जमत होतं म्हणून मी दोघींना तीन मीटरवर आणलं आणि काळजीपोटी दोन्ही पट्टे आखडून धरायला सांगितलं. आखडलेल्या पट्ट्यानं कुत्र्याची छाती वर उचलली जाते, हनुवटी वर येते, पुढचे पाय ताणले जातात. समोरच्या कुत्रीला ते आव्हानच दिसतं. दोघींनीही तेच पाहिलं. धाकटीच्या कानाचा शेंडा गेला, आणि त्या घराला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागलं. ते माझ्याशी अजून बोलतात, हा त्यांचा मोठेपणा. तेव्हापासून मी पट्ट्याच्या झोळाकडे बघतो, कुत्र्याकडे नंतर. झोळ ठेवायला भीती वाटत असेल तर अंतर कमी आहे असं समजा.

चालणं पाच मीटरवर सलग दहा-बारा दिवस सुरळीत झालं की घरात फाटक. फाटकावर चादर, दोन्ही बाजूंना आपापली चटई, तिथे खाऊ. पुढच्या काही दिवसांत चादर रोज वीतभर वर. मग एका खोलीत, दोघींना जाळी, दोघींना पट्टा, दोन मिनिटं, चालत्या, जमिनीवर अन्न नाही. दोन मिनिटांची पाच, पाचाची पंधरा. यातली प्रत्येक पायरी आठवडाभर चालली तरी चालेल. तुमच्या प्रकरणात मी तीन महिने धरतो. चार लागले तर दचकू नका.

मध्येच दुर्दैवानं भांडण झालंच तर हात घालायचा नाही, मानेचा पट्टा धरायचा नाही. त्या क्षणी कुत्रीला तो हात मिस्टरांचा आहे हे कळत नाही. जाड चादर दोघींवर टाका, मोठा पाट किंवा प्लॅस्टिकचं टबाचं झाकण मध्ये सारा, बादलीभर पाणी तोंडावर मारा. बादली भरून पॅसेजच्या तोंडाशी ठेवलेली बरी. दोघं मोठे घरात असाल तर एकाच वेळी दोघींचे मागचे पाय मांडीपाशी धरून मागे ओढता येतं, पण दातांनी पकड घट्ट घेतली असेल तेव्हा ओढू नका, मांस फाटतं. एकटं असताना हे करूच नये. वेगळ्या झाल्या की लगेच वेगळ्या खोल्या, समेट घडवायला समोर आणायचं नाही. आणि डॉक्टरांना त्याच दिवशी. सुळ्याचं भोक बाहेरून मसुरीएवढं दिसतं, आत कातडीखाली पोकळी झालेली असते, केस कापल्याशिवाय कळत नाही.

काही घरांत मेंदूवरचं औषध लागतं. फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं पशुवैद्य देतात, त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे ते पहिल्या दिवशी सुचवणार नाही, मोनाचं दुखणं आधी.

साताऱ्याच्या शेताबद्दल सासूबाईंवर रागावू नका, त्या नातवाचा विचार करतायत. पण शेतावर सोडलेल्या शहरी कुत्रीचं काय होतं हे मी पाहिलंय. गोठ्याशेजारी साखळी, भाकरीचा तुकडा, आणि आता उसाच्या फडात बिबट्या असतो, त्याला बांधलेलं कुत्रं सोपं सापडतं. रस्त्यावर सोडून देणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा ठरू शकतं. एकीला दुसरं चांगलं घर बघून देणं मात्र वेगळी गोष्ट, आणि मी काही घरांना ते स्पष्ट सुचवलंय. चावे गळ्याला किंवा पोटाला लागत असतील, गोठणं न दिसता थेट झडप येत असेल, एक कुत्रं दुसऱ्याच्या चौपट असेल, किंवा घरातलं माणूस रात्री झोपत नसेल, तर दोन वेगळी घरं हाच इलाज. त्यात हार नाही. तुमच्या चारही भांडणांत निमित्त सापडतंय, चावे तोंडाभोवती आहेत, दीड वर्षाचा चांगला इतिहास आहे. मी तरी अजून तिथे पोचलेलो नाही.

मैत्रीचं विचारलंत. एका गादीवर पुन्हा झोपतील असं मी म्हणणार नाही, आणि तसं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याची फी देऊ नका. एका हॉलमध्ये दोन चटयांवर, एकमेकींकडे पाठ करून, कंटाळलेल्या. मी एवढं मागतो. तुमच्या दीड वर्षातले फोटो बघून मी कदाचित थोडं जास्त मागेन, पण आत्ता नाही.

मला तीन गोष्टी पाठवा. मोना फरशीवरून उठते त्याचा बाजूनं घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, सकाळी ती पहिल्यांदा उठते तेव्हाचा. ठमीच्या माजाच्या तुम्हाला आठवतील तेवढ्या तारखा. आणि मिस्टर डॉक्टरांकडे जाऊन आले की एक ओळ. बाकीचं हळूहळू होईल. ते चपलांचं कपाट तेवढं आज रात्रीच पॅसेजमधून हलवा.